भगवंतअण्णांचा उघडा माइक

भगवंतअण्णांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा ते शिडीवर होते. गवीपुरमच्या गल्लीत आम्ही नवराबायको भाड्याचं घर बघायला गेलो होतो, आणि दारातच लुंगी-बनियनमधला साठीपासष्टीचा एक माणूस दातांत वायर धरून दिव्यांच्या माळा सोडवत होता. निहारने त्याला विचारलं, घरमालक भगवंतराव मोहिते कुठे भेटतील. त्याने वायर तोंडातून काढली, "मीच की" म्हणाला, वायर परत दातांत धरली आणि काम पुरं केलं. आम्ही दहा मिनिटं उन्हात उभे. मी तेव्हाच निहारला म्हटलं, हा माणूस माझं डोकं खाणार.

ही गोष्ट सत्त्याण्णव सालची. निहारला बंगलोरला कॉम्प्युटर कंपनीत नोकरी लागली आणि लग्नाला चार महिने झालेले असताना मी पुणं सोडून त्याच्यामागे आले. मराठी घरमालक मिळाला म्हणून निहार खूश होता. पण मोहित्यांचे पूर्वज शहाजीराजांच्या फौजेबरोबर इकडे आलेले. साडेतीनशे वर्षांत त्यांच्या मराठीत इतकं कन्नड मुरलं होतं की पहिला महिनाभर मी नुसती मान हलवत होते. माझं बोलणंही त्यांना रेडिओवरच्या बातम्यांसारखं वाटायचं. त्यांच्या बायकोला मी काकू म्हटलं, तर त्या म्हणाल्या की काकू म्हटलं की कुणी परकी बाई वाटते, अक्का म्हण. गल्ली त्यांना सकवारक्का म्हणायची आणि भगवंतरावांना अण्णा. मी शुभदाची शुभदक्का झाले. चोविसाव्या वर्षी अक्का व्हायची माझी तयारी नव्हती, पण मला विचारतंय कोण.

अण्णांचा धंदा लाउडस्पीकरचा. चाळीस वर्षं त्यांनी लग्नं, उत्सव, सभा, राज्योत्सव अशा सगळ्या ठिकाणी भोंगे बांधले होते. आता गुडघे दुखायला लागल्यावर काम कमी केलं होतं, पण एक अॅम्प्लिफायर, दोन भोंगे (अण्णांच्या भाषेत हॉर्न) आणि एक जुना चकचकीत माइक हॉलमध्ये कायम मांडलेला असे, देव्हाऱ्याइतकाच स्वच्छ. त्यांना दोन गोष्टींचा अभिमान होता. मुलगा गिरीराज अमेरिकेत इंजिनियर होता हा एक. आणि चाळीस वर्षांत मोहित्यांचा माइक चुकून कधी उघडा राहिला नाही हा दुसरा. दुसरा जास्त होता. चिकपेटेतल्या एका लग्नात दुसऱ्या कुणाचा माइक उघडा राहिला आणि नवऱ्या मुलाच्या टकलाबद्दल मुलीचा मामा काय म्हणाला ते पाचशे माणसांनी ऐकलं, ही गोष्ट मी त्यांच्याकडून सात वेळा ऐकली. माइकवाल्याची अब्रू आवाजात नसते, गप्प बसण्यात असते, असं ते म्हणायचे.

त्यांची पद्धत ठरलेली होती. कार्यक्रम चालू असताना अॅम्प्लिफायर बंद करायचा नाही. पूर्वीचे व्हॉल्व्हचे अॅम्प्लिफायर बंद केले की पुन्हा तापायला वेळ घेत, आणि तेवढ्यात एखादा पुढारी भाषण सुरू करून मोकळा व्हायचा. म्हणून मधल्या वेळात फक्त मोठं बटन डावीकडे शून्यावर न्यायचं. भोंगे मुके झाले की झालं. नवीन अॅम्प्लिफायरला तापायला वेळ लागत नाही, पण हाताला लागलेलं वळण काही सुटत नाही. ते बोलून झाले की त्यांचा हात आपोआप त्या बटनाकडे जायचा.

अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत अक्कांना हार्ट अटॅक आला. त्या वाचल्या. पण गल्लीच्या टोकाचे डॉक्टर सुधींद्र यांनी बजावलं की अंथरुणातून फक्त बाथरूमपर्यंत, आणि मनाला धक्का अजिबात लागता कामा नये. त्यांना मागच्या खोलीत ठेवलं, कारण बाथरूम तिथेच होतं. हॉल आणि त्या खोलीच्या मध्ये आणखी एक खोली आणि स्वयंपाकघर. जी बाई चुलीशी बसून अख्ख्या गल्लीची खबर ठेवायची, तिला आता दिवसभर भिंत बघायची होती. अण्णा हॉलमधून काही ओरडून सांगत, त्या "काय?" म्हणत, आणि मग दोघंही दमून गप्प बसत. मी दुपारी खाली जाऊन बसायचे. मला काही काम नव्हतं आणि त्यांच्या खोलीत काही आवाज नव्हता.

मार्चमध्ये गिरीराजने एका मित्राच्या हातून खोकं पाठवलं. आत दोन बिनतारी स्पीकर आणि एक छोटं प्रक्षेपक यंत्र. हे यंत्र हॉलमधल्या टेपला जोडायचं, स्पीकर घरात कुठेही ठेवायचे, मध्ये वायर नाही, आईला पडल्या पडल्या गाणी ऐकता येतील, असं त्याने चिठ्ठीत लिहिलं होतं. अण्णांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि खोक्याकडे असं बघितलं, जसं एखादा सुतार प्लॅस्टिकच्या खुर्चीकडे बघतो.

अर्थात बोलावणं आलं ते निहारला. घरात कॉम्प्युटरवाला जावई असावा तसा तो भाडेकरू असल्यामुळे. निहारने माहितीपुस्तक उघडलं आणि पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली, स्पीकर आंघोळीच्या टबात ठेवू नये वगैरे. मग त्याने यंत्राची पिन सरळ भिंतीतल्या सॉकेटकडे नेली. अण्णांनी त्याच्या हातावर चापट मारली. त्या अॅडॅप्टरवरची बारीक अक्षरं त्यांनी चष्मा न लावता वाचली होती, ते अमेरिकेच्या एकशेदहा व्होल्टचं होतं, आणि इथे लावलं असतं तर जागेवर धूर निघाला असता. दुसऱ्या दिवशी ते एसपी रोडच्या इलेक्ट्रिक बाजारातल्या ओळखीच्या माणसाकडून विटेएवढा जड ट्रान्सफॉर्मर बनवून घेऊन आले. स्पीकर सेलवर चालत होते म्हणून बरं. तरीही बिनतारी म्हणून आलेल्या वस्तूला हॉलमध्ये तीन वायरी लागल्या, आणि तेवढ्याने अण्णांना जरा बरं वाटलं.

अण्णांचा टेप अॅम्प्लिफायरमधूनच वाजायचा, त्यामुळे प्रश्न होता यंत्र अॅम्प्लिफायरला कुठे जोडायचं. अण्णा भोंग्याच्या वायरींना जोडायला निघाले. मी म्हटलं, तसं केलं तर यंत्र जळेल. मी पुण्याला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय, फर्स्ट क्लास आहे, पण ते कुणी विचारलंच नव्हतं. मी अॅम्प्लिफायर फिरवला आणि मागच्या, कार्यक्रम टेप करायच्या सॉकेटमध्ये पिन खोचली. अण्णा निहारकडे बघून म्हणाले, शिकून काय अनुभव येतोय काय. मला राग आला.

आता त्या सॉकेटची एक गंमत असते. तिथून आवाज बाहेर पडतो तो मोठ्या बटनाच्या आधीच. बटन शून्यावर नेलं, भोंगे मुके केले, तरी त्या सॉकेटमधून आवाज जातच राहतो. अण्णांनी त्यातून शेकडो कार्यक्रम टेप केले होते, पण टेप करताना बटन शून्यावर कधी नसतंच, त्यामुळे ही गोष्ट त्यांच्या वाट्याला कधी आली नव्हती. मला ती माहीत होती. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण अण्णा नुकतेच अनुभवावरून बोलले होते ना, मग मी तोंड मिटून घेतलं. विचारतील तेव्हा सांगू, असं ठरवलं. त्या एका वाक्याचा हिशोब मी अजून मनात करते.

मागच्या खोलीत स्पीकरचं चाक फिरवत फिरवत लाल दिव्याचा हिरवा झाला, आधी खरखर आली आणि मग एका पुरुषाचं भजन. अक्कांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "सरी." सरी म्हणजे कन्नडमध्ये ठीक, आणि त्यांच्या सगळ्या आनंदाला हा एकच शब्द होता. आवाज त्यांच्या धाकट्या भावाचा, होसकोट्याच्या आप्पाजींचा. आई लवकर गेल्यामुळे अक्कांनीच त्यांना कडेवर घेऊन वाढवलेलं. आप्पाजींची होसकोट्याला पिठाची गिरणी होती आणि दर गुरुवारी ते तिथल्या देवळात भजन म्हणत. अण्णांनीच त्यांच्या सहा कॅसेट भरलेल्या होत्या. अक्कांना त्यांच्याशिवाय दुसरं कुणाचं गाणं गाणंच वाटायचं नाही.

आठवडाभरात अण्णांना सुचलं की यंत्र टेपचा आवाज नेतं, तर माइकचाही नेईल. झालं. रोज सकाळी नऊ वाजता हॉलमधून घोषणा व्हायला लागल्या. हॅलो, हॅलो, मैक टेस्टिंग, वन टू थ्री. आज भाजी बीन्स. दूधवाला उशिरा आला, त्याच्या सायकलची चेन तुटली. शुभदक्काने वरती सांबार केलंय, देव निहारला सांभाळो. मग आप्पाजींची कॅसेट लावायची, ती संपली की मोठं बटन शून्यावर आणि अण्णा मोकळे. मागच्या खोलीत अक्का हसून हसून उशी ओली करायच्या. मला वाटायचं, औषधांपेक्षा हेच लागू पडतंय.

एकदा मी हॉलमधल्या फोनवरून आईशी बोलत होते आणि इथल्या जेवणाबद्दल मन मोकळं केलं. दुपारी अक्कांनी मला विचारलं की आमचं सांबार तुला गोड लागतंय काय. मला वाटलं, अण्णांनी चहाडी केली. चार दिवस मी त्यांच्याशी तुटक बोलले. फर्स्ट क्लास डिप्लोमा, आणि डोक्यात प्रकाश पडला नाही.

एप्रिलच्या एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला मी फोनसाठी खाली आले होते. दारात रणवीर उभा राहिला, आप्पाजींचा मुलगा, होसकोट्याच्या कारखान्यात कामाला होता. त्याने बूट काढले नाहीत, उंबरा ओलांडून तिथेच जमिनीवर बसला. पहाटे गिरणी उघडायला म्हणून आप्पा गेले, बराच वेळ पट्ट्याचा आवाज आला नाही म्हणून मी बघायला गेलो, तर खुर्चीतच गेलेले, असं त्याने सांगितलं आणि तो रडायला लागला. अण्णांनी त्याला कवटाळलं. कसं, केव्हा, कुणी बघितलं, असं विचारत राहिले. मग एकदम थांबले आणि म्हणाले की अक्काला हे कळता कामा नये, आणि माझ्याकडूनही तसं वचन घेतलं. मी धावत जाऊन डॉक्टर सुधींद्रांना आणलं. तेही हॉलमध्येच उभे राहून म्हणाले, सहा आठवड्यांनी पुढचा कार्डिओग्राम, तोवर भाऊ गेल्याचा एक शब्दही या बाईच्या कानावर जायला नको, गेला तर मी जबाबदार नाही. अण्णा मधल्या खोलीच्या दारापर्यंत गेले, तिथूनच अक्कांना ओरडून सांगितलं की देवनहळ्ळीला हॉर्न लावायला चाललोय, संध्याकाळी येतो. आणि रणवीरबरोबर बस पकडायला निघून गेले.

घर शांत झाल्यावर माझं लक्ष अॅम्प्लिफायरकडे गेलं. दिवा चालू होता. मोठं बटन शून्यावर होतं, नेहमीप्रमाणे, आणि भोंगे मुके होते. माइक स्टँडवर तसाच उभा, त्याचं स्वतःचं बटन पूर्ण उघडं. मी वाकून मागे बघितलं. माझ्या हाताने खोचलेली पिन जिथल्या तिथे होती. सांबाराची गोष्ट मला तेव्हा कळली. माइक रोजच उघडा राहत होता, दिवसभर.

मी मागच्या खोलीत गेले. स्पीकरचा हिरवा दिवा लागलेला होता. अक्का भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. झोपल्या असतील, मी स्वतःला सांगितलं, अकराला त्यांना डुलकी लागतेच. विचारायची सोयच नव्हती. ऐकलंत का असं विचारलं तर ऐकण्यासारखं काहीतरी होतं हे मीच सांगितल्यासारखं झालं असतं. मी उगाच पांघरुणाची घडी घालत उभी राहिले. तशाच पडून त्यांनी विचारलं की अण्णा कुठं गेलेत. मी म्हटलं, देवनहळ्ळीला, हॉर्न लावायला. "सरी," त्या म्हणाल्या.

मग त्या उठून बसल्या आणि म्हणाल्या की डोकं जड झालंय, डोक्यावरून दोन तांबे पाणी घाल. मी म्हटलं, कालच तर न्हाणं झालंय, आणि डॉक्टरांनी फक्त अंग पुसायला सांगितलंय. त्यांनी ऐकलं नाही, भिंतीला धरून बाथरूममध्ये गेल्या आणि स्टुलावर बसल्या. मी पाणी तापवते म्हटलं. त्यांनी मान हलवली, गारच घाल म्हणाल्या. आमच्या पुण्याच्या घरी मयताची तार आली की आजी हातातलं काम टाकून तशीच नळाखाली जाऊन बसायची. सांगावा ऐकलेल्याने आंघोळ करायची असते, गार पाण्याने, डोक्यावरून. तांब्या माझ्या हातात होता आणि माझ्याने तो उचलवत नव्हता. अक्कांनी माझं मनगट धरून तो स्वतःच्या डोक्यावर उपडा केला.

केस पुसताना मी त्यांना सगळं सांगून टाकलं. सॉकेट, बटन, माझा राग, सगळं. म्हटलं, अक्का, ही चूक माझी आहे. त्यांचं त्याकडे लक्षही नव्हतं.

"अण्णाला सांगू नको," त्या म्हणाल्या. "मैक उघडा राहिला कळलं तर तो परत मैकला हात लावायचा नाही. आणि मला कळलंय म्हणून कळलं, तर मला काय होतंय म्हणून बघत बघत त्यालाच काय तरी होईल. सहा आठवडे म्हणालेत की. मी थांबते."

मी त्यांना वचन दिलं. त्याआधी हॉलमध्ये अण्णांनाही दिलं होतं की अक्कांना कळू देणार नाही. दोन वचनं एकमेकांच्या उरावर बसलेली, आणि मी दोन्हीच्या खाली.

संध्याकाळी अण्णा आले ते होसकोट्यालाच आंघोळ करून. अक्कांनी विचारलं, हॉर्न नीट लागला काय. ते म्हणाले, लागला. माहेरच्या सुतकाचे तीन दिवस अक्कांनी उशाशी ठेवलेल्या देवाला फुलं वाहिली नाहीत, मळमळतंय म्हणून गोड खाल्लं नाही. अण्णांना वाटलं औषधं बाधतायत. ते डॉक्टरांकडे जाऊन गोळ्या बदलून घेऊन आले.

अण्णांना खोटं बोलायची सवय नव्हती. पहिल्याच दिवशी आप्पाजी बहिणीला बघायला का आले नाहीत याचं कारण अक्कांच्या समोर बसून सांगायला गेले आणि कॉफीचा लोटा हातातून पडला. त्यानंतर त्यांनी ते काम माइकवर सोपवलं. तिथे अक्कांचा चेहरा दिसत नव्हता आणि अक्कांना त्यांचा. रोज नऊला, बीन्स आणि दूधवाला झाले की, ते घसा साफ करून सांगायचे. होसकोट्याहून फोन होता. आप्पाजींचा पाय मुरगळलाय, म्हणून येता येत नाही. आप्पाजींनी अक्काला पथ्य पाळायला सांगितलंय. आप्पाजींच्या गिरणीला नवा पट्टा बसवला. एका दिवशी तर त्यांनी आप्पाजींना देवळात भजनही म्हणायला लावलं, मुरगळलेल्या पायाने. मी त्या वेळेला अक्कांना गोळ्या द्यायला मागच्या खोलीत असायचे. त्या छताकडे बघत ऐकायच्या आणि शेवटी "सरी" म्हणायच्या, ऐकायला समोर कुणी नसताना.

मग कॅसेट लागायची. अण्णांना ती लावायची नव्हती, पण एकदम बंद केली तर अक्काला संशय येईल, म्हणून लावायचे. अक्कांना ती ऐकवत नव्हती, पण नको म्हटलं तर छातीत दुखतंय समजून अण्णा डॉक्टरकडे धावतील, म्हणून ऐकायच्या. गेलेला माणूस अर्धा अर्धा तास गायचा आणि दोन खोल्यांत दोघं जण एकमेकांसाठी ऐकत बसायचे. मी एकदा म्हटलं, सेल संपले म्हणून सांगू का. अक्का म्हणाल्या, तो आत्ताच्या आत्ता दुकानात जाऊन आणेल. ते खरंच होतं.

सगळ्यात वाईट ते पुढचं. कॅसेट संपली की अण्णा मोठं बटन शून्यावर न्यायचे. त्यांच्या लेखी माइक बंद झाला. आणि मग मागच्या खोलीतल्या त्या छोट्या स्पीकरमधून त्यांचं रडणं यायचं. पहिल्या दिवशी मला तो आवाज ओळखूच आला नाही, मला वाटलं यंत्र बिघडलं. तोंडावर टॉवेल दाबून रडत होते. मेहुणा म्हणायचे, पण आप्पाजी दहा वर्षांचे असल्यापासून त्यांच्या गाडीवर भोंगे धरून बसलेले. मधूनच कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटायचे, आप्पाजींशी बोलत असावेत. मी स्पीकर बंद करायला हात पुढे केला. अक्कांनी तो धरला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "एकटाच रडतोय. कुणी तरी ऐकायला पाहिजे की नाही."

त्यांना उठून जाता येत नव्हतं. दोन खोल्या ओलांडून जायची डॉक्टरांची परवानगी नव्हती, आणि असती तरी जाऊन काय सांगणार. त्या पलंगाच्या कडेला बसून स्पीकरवर हात ठेवायच्या, आवाज थांबेपर्यंत. मग दहा मिनिटांनी अण्णा तोंड धुऊन आत यायचे, आज तुझा चेहरा बरा दिसतोय म्हणायचे, आणि त्या म्हणायच्या, व्हय, बरं वाटतंय.

मला हे सहन होईना. निहारला सांगितलं तर तो म्हणाला, दोघांना समोरासमोर बसवून सांगून टाक, गोंधळ संपेल. त्याला सगळं असं सोपं वाटतं, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करावा तसं. तरी मी दोनदा अण्णांना सांगायला गेले. एकदा ते माइक पुसत होते. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, तू होतीस म्हणून निभावतंय, नाहीतर तिला वास लागला असता. दुसऱ्यांदा मी म्हटलं, अण्णा, बोलून झालं की माइकचं बटनही बंद करत जा, सेल वाचतील. माइकला सेल नसतात हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. ते हसले आणि म्हणाले की चाळीस वर्षं झाली, शुभदक्का, आता मला मैक शिकवतेस काय. मी वर निघून आले.

मेच्या शेवटी कार्डिओग्राम चांगला आला. डॉक्टर म्हणाले, आता सांगा, पण सावकाश. अण्णांनी दोन दिवस घेतले. वाक्यं जुळवत हॉलमध्ये फेऱ्या मारत होते. ती वाक्यं ते मोठ्याने जुळवत होते, त्यामुळे सगळी आधीच अक्कांपर्यंत पोचलेली होती. तिसऱ्या दिवशी नऊला ते माइकसमोर बसले. हॅलो म्हणाले. पुन्हा हॅलो म्हणाले. पुढे काही आलं नाही. आम्ही दोघी मागच्या खोलीत स्पीकरकडे बघत होतो. अक्का हळूच म्हणाल्या, ये की आत.

ते आले. पलंगावर बसले आणि माझ्यादेखत त्यांनी अक्कांचा हात हातात घेतला, जे त्या घरात मी कधी बघितलं नव्हतं. मी दारात गोळी आणि पाण्याचा लोटा घेऊन उभी. आप्पाजींना जरा बरं नव्हतं, इथून त्यांनी सुरुवात केली. मग म्हणाले, पाय मुरगळला नव्हता. मग म्हणाले, आपला आप्पा गेला, सकवार. अक्कांनी त्यांच्याकडे बघितलं. मग क्षणभर माझ्याकडे बघितलं. आणि मग त्या ज्या रडल्या, तसं मी कुणाला रडताना ऐकलेलं नाही. सहा आठवडे छातीत दाबून धरलेलं सगळं बाहेर आलं. शेजारच्या बायका धावत आल्या. अण्णा पांढरेफटक पडले, गोळी दे, गोळी दे म्हणत स्वतःच माझ्या हातातलं पाणी सांडलं. मी सांगायला नको होतं, माझंच चुकलं, असं म्हणत ते कपाळ बडवून घ्यायला लागले. हे दुःख जुनं आहे, याने मला काही होणार नाही, एवढंच अक्कांना सांगायचं होतं, आणि तेवढंच सांगता येत नव्हतं. अक्कांनी नुसते त्यांचे दोन्ही हात धरून ठेवले आणि रडत राहिल्या. मीही दारात उभी राहून रडले, आणि सगळ्यांना वाटलं की या पुण्याच्या मुलीचा जीव किती मऊ आहे.

दुपारी डॉक्टर तपासून गेले. नाडी ठीक होती. अक्का झोपल्या. मी हॉलमध्ये आले, यंत्राची पिन मागच्या सॉकेटमधून उपसली आणि हातात धरून उभी राहिले. आज सांगायचंच, असं ठरवून आले होते. अण्णा खुर्चीत बसले होते, दाढी वाढलेली, डोळे सुजलेले, पण कितीतरी दिवसांनी खांदे सैल सोडलेले. त्यांनी मला समोर बसायला सांगितलं.

"बगितलंस?" ते म्हणाले. "सहा आठवडे. घरात राहून, तिच्यासारख्या बाईला कळू दिलं नाही. आधी कळलं असतं तर ती गेली असती, आजचं रडणं बगितलंस की. तू आणि मी वाचवलं तिला." मग म्हणाले, "एक सांगून ठेवतो. उद्या मला काय झालं, तर तिला एकदम सांगू नका. गिरीराजलाही मी लिहिणार आहे. असंच करा. स्वल्प स्वल्प, बेतानं. तिला काही कळत नाही बग."

पिन माझ्या मुठीत होती. ते उत्तराची वाट बघत होते. मी म्हटलं, हो अण्णा, तसंच करू.